आजार बरा झाला, मग घास का अडतो?

प्रश्न : मी ६१ वर्षांचा निवृत्त माध्यमिक शिक्षक असून कराडजवळच्या एका गावात राहतो. घशात डाव्या बाजूला, टॉन्सिलपाशी कर्करोग निघाला. सात आठवड्यांत ३५ वेळा रेडिएशन झाले आणि त्याबरोबर दर आठवड्याला एक अशी केमोची सहा सलाइनेही झाली. त्याला आता १६ महिने झाले. तपासणीत आजार दिसत नाही. परंतु तोंड सतत कोरडे असते, भाकरीचा घास अडकतो, चहा पिताना ठसका लागतो, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही आणि मान आखडलेली असते. चव पूर्वीसारखी लागत नाही. दिवसभर मरगळ असते आणि इतरांना उकडत असताना मला थंडी वाजते. खालच्या डाव्या दोन दाढा किडल्या असून येत्या सोमवारी त्या काढायच्या ठरल्या आहेत. ठणका कमी व्हावा म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून थोडी मिश्री लावतो. काही बोललो की घरात 'जीव वाचला हे काय थोडे झाले?' असे ऐकावे लागते. वैशाखात पुतण्याचे लग्न आहे, पण पंगतीत बसायची लाज वाटते. हे त्रास कधी जातील? की तक्रार करणे हा माझाच कृतघ्नपणा आहे?

उत्तर :

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचल्यावर मी आधी उत्तर लिहायला बसलो नाही. पत्राखाली आपण दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून 'सोमवारी दाढा काढू नका' एवढेच कळवले. हे सदर छापून येईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते. तेव्हा घाईत कारण सांगता आले नाही, ते आता सविस्तर सांगतो. आपल्यासारख्याच अवस्थेत असलेल्या इतर वाचकांनाही त्याचा उपयोग व्हावा.

घशाला दिलेले रेडिएशन, ज्याला आपल्याकडे 'लाईट घेणे' किंवा 'शेक' म्हणतात, ते गाठीपुरते राहत नाही. वाटेत येणारे जबड्याचे हाड, लाळग्रंथी, गिळण्याचे स्नायू आणि मानेतील थायरॉइड ग्रंथी यांनाही त्याचा कमीअधिक मारा बसतो. ३५ वेळांच्या उपचारात गाठीला साधारणपणे एकूण ७० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचे एकक) एवढी मात्रा मिळते आणि टॉन्सिलचा आजार असेल तर त्या बाजूच्या खालच्या जबड्यालाही तिचा बराच वाटा मिळतो. हाडातील बारीक रक्तवाहिन्या त्यामुळे आकसतात. वरून हिरडी चांगली दिसते, पण आतल्या हाडाची जखम भरून काढण्याची ताकद उणावलेली असते. अशा जबड्यातून दात उपटला, तर तो खड्डा भरून येण्याऐवजी उघडाच राहू शकतो आणि त्यातून हाड मरू लागते. या विकाराला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच वरच्या जबड्यापेक्षा कमी असल्याने तो तेथेच अधिक आढळतो. उपचाराला वर्षे लोटली म्हणून हा धोका संपत नाही, हे विशेष ध्यानात ठेवा. कान-नाक-घशाच्या व्यवसायात मी जी ३० वर्षे काढली, त्यात अशी माणसे पाहिली आहेत. एक गृहस्थ उपचारानंतर पाच वर्षांनी एका मोफत शिबिरात सहज दाढ काढून आले आणि पुढचे दीड वर्ष त्या जबड्याचे ड्रेसिंग करून घेत राहिले. शिबिरातल्या डॉक्टरांनी त्यांना काही विचारले नव्हते आणि त्यांनीही काही सांगितले नव्हते.

म्हणून यात आपल्या दंतवैद्यांचा दोष काढू नका. त्यांना बहुधा उपचाराचा तपशील ठाऊक नसावा. ज्या रुग्णालयात रेडिएशन झाले तेथून उपचाराचा सारांश मागून घ्या. कोणत्या भागाला किती ग्रे मात्रा मिळाली, हे त्यात लिहिलेले असते. त्याच्या दोन प्रती काढा, एक घरी ठेवा आणि दुसरी दंतवैद्यांच्या हाती द्या. दाढा वाचवता येण्याजोग्या असतील तर रूट कॅनॉल करून वाचवाव्यात. अगदीच काढाव्या लागल्या, तर रेडिएशनच्या डॉक्टरांचे मत घेऊन, अशा जबड्यांची सवय असलेल्या मुखशल्यचिकित्सकाकडूनच काढून घ्याव्यात. आपल्यापासून जवळच वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तेव्हा यासाठी मुंबई गाठावी लागेल असे नाही.

आता मिश्रीबद्दल लिहिणे भाग आहे, आणि येथे मी थोडा कठोर होणार आहे. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू. ती औषध नाही. तिने ठणका कमी झाल्यासारखा वाटतो, कारण तंबाखूने हिरडी तेवढ्यापुरती बधिर होते. ज्या तोंडातून एकदा कर्करोग काढून टाकला, त्याच तोंडात पुन्हा तंबाखू चोळणे म्हणजे आजाराला परत बोलावणे आहे. शेजाऱ्यांचा हेतू चांगला असेल. तरीही डबी आजच फेकून द्या. ठणक्यासाठी डॉक्टरांकडून वेदनाशामक गोळी लिहून घ्या.

दाढा किडल्या त्या आपल्या निष्काळजीपणामुळे, असे मानू नका. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास भिजवते, तोंडातील आम्ल शमवते आणि दात धुऊन काढते. ही धुलाई थांबली की दात हिरडीलगत कुजू लागतात, आणि तेही फार झपाट्याने. म्हणून उरलेल्या दातांसाठी दंतवैद्यांकडून जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून घ्या. बाजारातील साध्या पेस्टमध्ये फ्लोराइड दहा लाख भागांत सुमारे १,००० भाग असते. या पेस्टमध्ये ते ५,००० भाग असते. ती मऊ ब्रशने लावायची, थुंकून टाकायची आणि नंतर चूळ भरायची नाही. हा नेम काही महिन्यांचा नसून कायमचा आहे. प्रत्येक खाण्यानंतर कोमट पाण्याच्या पेल्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून गुळण्या केल्यास तोंडाला आराम पडतो.

कोरड पडली की खडीसाखर तोंडात धरण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. आपण ती करत असाल, तर किडीला खुराक देत आहात. चिंचेची गोळी, लिंबाची फोड, आमसूल यांनी लाळ सुटते हे खरे, पण लाळेचे संरक्षण गमावलेल्या दातांना हे आम्ल झिजवते. त्याऐवजी साखर नसलेले, झायलिटॉल घातलेले च्युइंगगम चघळावे. आपले तोंड कमी उघडत असल्याने तेही मर्यादेत. पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट-घोट पाणी पीत राहणे हा उपाय साधा आहे, पण त्याला तोड नाही. रात्रीसाठी कृत्रिम लाळेचे जेल औषधाच्या दुकानात मिळते. झोपताना ते हिरड्यांवर आणि जिभेवर लावल्यास चारऐवजी एकदोनदाच उठावे लागेल. सर्दीच्या आणि खाजेच्या कित्येक गोळ्या, तसेच झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी देतात त्या काही गोळ्या कोरड वाढवतात. चालू असलेली सर्व औषधे एकदा डॉक्टरांना दाखवा. लाळ वाढवणारी पिलोकार्पिन नावाची गोळीही आहे. लाळग्रंथीत थोडीफार जान शिल्लक असेल तर ती उपयोगी पडते, परंतु दमा किंवा काचबिंदू असलेल्यांनी ती परस्पर घेऊ नये.

हे कधी जाईल, असे आपण विचारले आहे. लाळेच्या बाबतीत उत्तर बरेचसे उपचाराच्या पद्धतीवर अवलंबून असते. कानाखालच्या लाळग्रंथींना शक्य तेवढे वाचवून रेडिएशन देण्याची आयएमआरटी ही पद्धत आणि जुनी पद्धत यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर त्रासदायक कोरडेपणा नव्या पद्धतीच्या ३८ टक्के रुग्णांत होता, तर जुन्या पद्धतीच्या ७४ टक्के रुग्णांत. दोन वर्षांनंतर नव्या पद्धतीत हे प्रमाण २९ टक्क्यांवर आले. याचा अर्थ असा की दुसऱ्या वर्षातही काही जणांची लाळ वाढत राहते. सोळाव्या महिन्यात आपण असताना सुधारणेचे दार बंद झाले असे मी म्हणणार नाही, पण लाळ पूर्वीइतकी होईल असे आश्वासनही देणार नाही. चवीचेही असेच आहे. ती बहुतेकांना वर्षभरात बरीचशी परत मिळते, काहींना थोडी फिकी राहते. लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला चव कळत नाही, म्हणून कोरड्या पदार्थापेक्षा पातळसर पदार्थ चविष्ट लागतो. तिखट सोसत नसेल, तर जिऱ्याची फोडणी, कोथिंबीर, कढीपत्ता यांच्या वासाने जेवणाला रंगत आणता येते.

दाढांखालोखाल मला काळजी वाटते ती चहाच्या ठसक्याची.

आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेचे दार मिटते आणि घास मागच्या वाटेने अन्ननलिकेत उतरतो. हा सारा खेळ सेकंदभराचा असतो. रेडिएशनने स्नायू निबर झाले की स्वरयंत्र उशिरा आणि कमी उचलले जाते. भाकरी अडते ती ओलाव्याअभावी; चहा मात्र पातळ असल्याने धावत येतो आणि दार मिटण्याआधीच श्वासाच्या वाटेत शिरतो. एकाच घशाच्या या दोन अगदी उलट तक्रारी आहेत. म्हणूनच 'सगळे पातळ करून पीत जा' हा घरोघरी दिला जाणारा सल्ला प्रत्येकाला लागू पडत नाही. ठसका लागतो याचा अर्थ घशातला पहारेकरी अजून जागा आहे. काही रुग्णांत घशाची संवेदनाच मंदावते आणि अन्नाचे कण ठसक्याविना फुप्फुसात उतरत राहतात; मग एक दिवस न्यूमोनियाच होतो. पाणी प्यायल्यावर आवाज घरघरीत, ओला येणे, कारण नसताना संध्याकाळी कणकण, वारंवार छातीत कफ आणि वजनात घट ही त्याची चिन्हे आहेत. यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

यासाठी आपल्याला गिळण्याची तपासणी करून घ्यावी लागेल. एका प्रकारात बेरियम मिसळलेला पदार्थ गिळताना क्ष-किरणांनी चलचित्र घेतात, तर दुसऱ्यात नाकातून बारीक दुर्बीण घालून घशातील हालचाल पाहतात. त्यावरून व्यायाम ठरवतात ते वाचा-उपचारतज्ज्ञ. हे तज्ज्ञ फक्त उशिरा बोलणाऱ्या किंवा अडखळणाऱ्या मुलांसाठी असतात, असा आपल्याकडे समज आहे. त्यामुळे घशाच्या रुग्णाला त्यांच्याकडे पाठवायचे डॉक्टरांच्याही मनात येत नाही, आणि हे मी माझ्या व्यवसायबंधूंवर नाराज होऊनच लिहितो आहे. जोर लावून गिळणे, गिळताना कंठमणी वर असतानाच दोन-तीन सेकंद धरून ठेवणे, उताणे झोपून खांदे न उचलता पायाच्या बोटांकडे पाहणे असे अनेक व्यायाम आहेत. हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्याने काहींचा ठसका थांबतो, तर काहींचा वाढतो. म्हणून कोणता व्यायाम आपला, हे तपासणीनंतरच ठरू द्या. तोवर ताठ बसून, लहान घोटांनी, बोलणे आणि टीव्ही बंद ठेवून चहा घ्या. त्रास होतो म्हणून तोंडाने खाणे मात्र सोडू नका. गिळण्याचे स्नायू न वापरल्यास आणखी आखडतात.

जेवणात भाकरीचा हट्ट सध्या बाजूला ठेवावा. आमटीत किंवा दुधात पूर्ण मुरलेली, कुस्करलेली भाकरी, तूप घातलेला गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीचे घट्टसर वरण, नाचणीची दाट पेज, दह्यात कालवलेला मऊ भात हे पदार्थ ओलसरही आहेत आणि फार पातळही नाहीत. वजन दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर करून वहीत लिहा. आयुष्यभर आपण हजेरीपट लिहिला आहे, तेव्हा हे काम आपल्याला सांगावे लागणार नाही.

तोंड दोन बोटेच उघडते याचे कारण चावण्याचे स्नायू आखडले आहेत. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःचीच तीन बोटे उभी मावतात. त्यासाठी आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दातांमध्ये हळूच ठेवतात आणि काही दिवसांनी त्यात एकेक काडी वाढवतात. दिवसातून चार-पाच वेळा, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतपत हे करायचे असते. आपल्या बाबतीत किडलेल्या दाढांवर भार येऊ नये म्हणून आधी दंतवैद्यांना विचारा. मानेसाठी फिजिओथेरपी हवी. हनुवटीखाली सकाळी सूज येऊन दुपारपर्यंत ओसरत असेल, तर ती लसीकेची, म्हणजे ऊतींतून निचरा न होता साचलेल्या पाणचट द्रवाची सूज आहे. हलक्या हाताच्या विशिष्ट मालिशने आणि उशी उंच घेतल्याने ती उतरते. मात्र रगडून तेल चोळणाऱ्यांच्या हाती मान देऊ नका.

मरगळ आणि थंडी यांविषयी आपण एकाच ओळीत लिहिले आहे, पण मला ती ओळ पत्रातली सर्वांत बोलकी वाटली. मानेवर रेडिएशन झालेल्या अनेकांची थायरॉइड ग्रंथी पुढील काही वर्षांत मंदावते. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, मन उदास राहणे ही तिची लक्षणे आहेत, आणि घरचे त्यांना आळस समजतात. टीएसएच नावाची रक्ताची साधी तपासणी तालुक्याच्या गावीही होते. आपण ती याच आठवड्यात करावी आणि पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी करत राहावी. ग्रंथी मंदावलेली निघाली, तर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेतल्याने माणसात किती फरक पडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्या सगळ्या तक्रारींत सर्वांत सहज सुटणारी तक्रार कदाचित हीच असेल.

केमोमुळे कानात गुंजारव किंवा ऐकण्यात उणेपणा जाणवत असेल, तर त्याच फेरीत कानांची तपासणीही उरकून घ्या.

आजार उलटण्याची भीती आपण पत्रात लिहिलेली नाही, पण ती असणारच. उलटण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांत अधिक असते, म्हणून या काळातील एकही तपासणी चुकवू नका. मानेत नवी गाठ, थुंकीतून रक्त, एकाच कानात कळा, दिवसेंदिवस बसत जाणारा आवाज, भरून न येणारा व्रण यांपैकी काही आढळल्यास लगेच जा. श्वास घेताना आवाज येऊ लागल्यास त्याच दिवशी जा. कोरड, आखडणे, चवीचा फिकेपणा ही त्या यादीतील लक्षणे नाहीत. त्यांनी रात्री दचकून जागे होण्याचे कारण नाही.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. घरच्यांचे 'जीव वाचला हे काय थोडे झाले?' हे म्हणणे खोटे नाही, पण ते आपल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. आजारावरचे उपचार संपले. उपचारांनी मागे ठेवलेल्या गोष्टींवरचे उपचार अद्याप सुरूच झालेले नाहीत. त्यांची मागणी करण्यात कसला कृतघ्नपणा? 'सगळे ठीक आहे' असे डॉक्टरांना सांगून घरी परतणारे सोशिक रुग्ण मी फार पाहिले आहेत, आणि न्यूमोनिया होऊन परत येणाऱ्यांत तेच अधिक असतात. पुढच्या तपासणीला वहिनींना किंवा सूनबाईंना बरोबर न्या आणि ठसका व थायरॉइड यांविषयी डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर बोलू द्या. आपण दहा वेळा सांगून जे पटत नाही, ते बहुधा तेथे एकदाच ऐकून पटेल.

आणि लग्नाला जरूर जा. घरून थोडे खाऊन निघा, म्हणजे पंगतीत पोट भरण्याची घाई राहणार नाही. खुर्ची-टेबलाच्या रांगेत कडेची जागा धरा, पाण्याची बाटली स्वतःची ठेवा, वाढप्याला सुरुवातीलाच भातावर वरण आणि तूप जास्त वाढायला सांगा आणि पुरी, जिलबी ताटात येऊच देऊ नका. मठ्ठा मात्र जपून, लहान घोटांनी. कोणी आग्रह केला, तर 'घशाचे पथ्य आहे' एवढे सांगितलेले पुरते. आपल्याकडे पथ्य म्हटले की आग्रह करणारा पुढच्या पानाकडे वळतो.